तेराच्या तारा आणि ऑस्टिनमधली दहा वर्षं

प्रश्न असा आहे: टेक्सासचा ब्लूज गिटारिस्ट स्टीवी रे वॉन १९८३ मध्ये एकदम कुठून आला, त्याआधी तो कुठल्या बँड्समध्ये होता? आणि जोडीला तक्रार अशी, की त्याच्यासारखा आवाज हवा म्हणून स्ट्रॅट-छाप (फेंडर स्ट्रॅटोकास्टरसारख्या) गिटारवर १३ नंबरचा सेट (पहिली तार इंचाच्या तेरा हजारांश जाड) चढवला, तर ब्रिज, म्हणजे बॉडीवर तारा जिथे अडकवतात तो भाग, मागून उचलला गेला, सूर टिकेना आणि तिसरी तार बेंडच होईना, म्हणजे बोटाने आडवी ओढून सूर चढवता येईना.

आधी तिसऱ्या तारेचं बघू, कारण ते दोन मिनिटांत कळण्यासारखं आहे. गिटारची पहिली आणि तिसरी तार नखाने घासून बघा. तिसरी खरखरीत लागली तर ती वाउंड आहे, म्हणजे तिच्यावर दुसरी बारीक तार गुंडाळलेली आहे. दुकानात '१३ चा सेट' मागितला की बहुतेक वेळा जॅझवाल्यांचा सेट हातात पडतो. त्यात तिसरी तार २४ ते २६ ची वाउंड असते. जॅझमध्ये कॉर्डचा सूर चोख लागावा म्हणून ती तशी असते. ती ओढायची कुणाची अपेक्षाच नसते. वॉनचा सेट होता १३, १५, १९, २८, ३८, ५८, आणि त्यातली १९ ची तिसरी तार साधी, गुळगुळीत. असा सेट तयार मिळाला नाही तर १९ ची सुटी प्लेन तार घ्या आणि फक्त तेवढी बदला. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

दुसरी चूक सूर लावण्यात आहे. वॉनची गिटार नेहमीच्या ई सुरात नव्हती, अर्धा सूर खाली, म्हणजे ई फ्लॅटला लावलेली असे. अर्धा सूर ऐकायला किरकोळ वाटतो, पण तारेवरचा ताण त्याने साधारण ११ टक्के उतरतो. साडेपंचवीस इंची स्केलवर (म्हणजे तारेच्या वाजणाऱ्या लांबीवर) १० ची पहिली तार ई सुरात सुमारे साडेसात किलोने ताणलेली असते. १३ ची तार ई सुरातच लावली तर तोच आकडा साडेबाराच्या जवळ जातो, आणि ई फ्लॅटला आणली तर अकरावर येतो. सहाही तारा मिळून १० चा सेट गिटारच्या मानेवर साधारण ४७ किलो भार टाकतो, वॉनचा १३ चा सेट ई सुरात त्रेसष्टच्या आसपास. हे जादा सोळा किलो पेलायला, ब्रिजला तारांच्या उलट खेचून धरणाऱ्या मागच्या तीन स्प्रिंगांना कुणी सांगितलेलंच नव्हतं. ब्रिज उचलला गेला तो त्यामुळे. गिटार खराब झालेली नाही.

पण तारा हा त्या आवाजाचा शेवटचा दहा टक्के भाग आहे. उरलेला कुठून आला हे समजायला ऑस्टिनला जावं लागतं, आणि 'एकदम कुठून आला' याचं उत्तरही तिथेच आहे. एकदम वगैरे काही नाही. १९७२ ते १९८२ अशी दहा वर्षं तो टेक्सासच्या बाहेर जवळजवळ कुणाला माहीत नसलेला, एका शहराच्या पाच-सहा क्लबांत आठवडाभर वाजवणारा स्थानिक गिटारिस्ट होता.

जन्म ३ ऑक्टोबर १९५४, डॅलसच्या ओक क्लिफ भागात. मोठा भाऊ जिमी साडेतीन वर्षांनी मोठा आणि घरातला पहिला गिटारवाला. स्टीवी जे काही शिकला ते भावाच्या तबकड्या ऐकून आणि त्याच्या उतरलेल्या गिटार वापरून. शाळा अर्धवट सोडून, 'ब्लॅकबर्ड' नावाच्या बँडसकट, १९७१ संपता संपता तो ऑस्टिनला गेला. त्या काळी ऑस्टिन म्हणजे राज्याची राजधानी आणि मोठ्या विद्यापीठाचं गाव, स्वस्त घरं, भरपूर विद्यार्थी. डॅलसमध्ये बँडला लोकप्रिय गाण्यांच्या नकला वाजवाव्या लागत. ऑस्टिनमध्ये नुसता ब्लूज वाजवून पोट भरत नसलं तरी वाजवू तरी देत असत.

तिथे काही महिने 'क्रॅकरजॅक'मध्ये. या बँडचं महत्त्व एवढंच की त्यात बेसवर टॉमी शॅनन होता. हाच माणूस १९६९ ला ब्लूज गिटारिस्ट जॉनी विंटरबरोबर वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वाजवून आलेला. हे नाव लक्षात ठेवा, नऊ वर्षांनी परत येतं.

मग १९७३ मध्ये 'नाइटक्रॉलर्स', आणि इथे थोडं थांबायला हवं. या बँडचा ड्रमर आणि गायक होता डॉयल ब्रॅमहॉल. ड्रम वाजवता वाजवता गाणारा, जाड, किंचित घोगऱ्या गळ्याचा. वॉनचं पुढचं गाणं ऐका आणि मग ब्रॅमहॉलचं ऐका. शब्द कुठे लांबवायचा आणि कुठे तोडायचा हे जवळजवळ उचललेलं आहे. दोघांनी मिळून गाणी लिहायला सुरुवात केली ती इथे. 'डर्टी पूल' हे पहिल्या अल्बमवरचं संथ गाणं दोघांचं, आणि १९८९ च्या 'इन स्टेप'वरचं 'टाइटरोप'सुद्धा दोघांचं. गायक-गिटारिस्ट मार्क बेनोबरोबर या मंडळींनी हॉलिवूडला जाऊन ए अँड एम कंपनीसाठी एक अल्बम रेकॉर्ड केला होता. कंपनीने तो नाकारला आणि सगळे हात हलवत परत आले. तेव्हा वॉन अठरा वर्षांचा होता.

'नंबर वन' ही प्रसिद्ध गिटारही याच सुमाराला ऑस्टिनमधल्या रे हेनिगच्या दुकानातून अदलाबदलीत मिळाली. झिजलेली, वजनदार स्ट्रॅट: बॉडी १९६३ ची, नेक १९६२ च्या अखेरची. पिकअपवर (तारांचा कंप टिपणाऱ्या चुंबकी भागावर) ५९ ची तारीख होती म्हणून तो आयुष्यभर तिला '५९ ची' म्हणत राहिला. जुन्या फेंडरच्या बाबतीत ही गफलत अजून होते, विकत घेताना लोक एका तारखेवर किंमत देतात. नेक, बॉडी, पिकअप आणि पॉट (आवाजाच्या खुंटीखालचा विजेचा भाग), चारही तारखा बघाव्यात.

१९७४ च्या अखेरीला 'पॉल रे अँड द कोब्राज'. माझ्या मते वॉनची खरी शाळा ही. कारण इथे तो पुढारी नव्हता. गायक पॉल रे, सॅक्सोफोनवर जो सबलेट, आणि दुसऱ्या गिटारवर डेनी फ्रीमन, जो कमी सुरांत नेमकं बोलणारा वादक. दोन गिटार आणि एक सॅक्स असलेल्या बँडमध्ये सतत सोलो घेता येत नाही. बाकीचा वेळ ऱ्हिदम धरायची, आणि ती सॅक्सच्या आड न येता. 'सोप क्रीक सलून'मध्ये दर मंगळवारी हा बँड ठरलेला असे. दर आठवड्याला तीच मंडळी समोर, नाचायला आलेली. ताल सैल पडला की नाचणारे बसतात, इतका सरळ हिशेब. १९७७ मध्ये त्यांची एक सिंगल निघाली. बाहेर तिची दखल फारशी कुणी घेतली नाही.

याच काळात १५ जुलै १९७५ ला क्लिफर्ड अँटोनने सिक्स्थ स्ट्रीटवर 'अँटोन्स' क्लब उघडला. शिकागो आणि मिसिसिपीचे म्हातारे ब्लूजवाले तो बोलवायचा, आणि ते एका रात्रीपुरते नव्हे तर सलग चार-पाच रात्री वाजवायचे. स्थानिक पोरांना त्यामुळे ऐकायला मिळायचंच, स्टेजवर चढायलाही मिळायचं. अल्बर्ट किंग आला तेव्हा अँटोनने शब्द टाकून वॉनला त्याच्याबरोबर वाजवायला लावलं. अल्बर्ट किंग डावखुरा, उलट्या तारांची गिटार खाली ओढून बेंड करणारा. एकाच फ्रेटवरून दोन-दोन सूर वर नेणारे ते बेंड वॉनने इथून घेतले. ब्रिटिश गायक डेव्हिड बोवीच्या १९८३ च्या 'लेट्स डान्स'मधला वॉनचा सोलो काढून बघा, त्यातली बरीचशी वाक्यं अल्बर्ट किंगची आहेत.

१९७७ मध्ये कोब्राज सोडून 'ट्रिपल थ्रेट रिव्ह्यू'. नाव असं, कारण पुढे उभं राहून गाऊ शकणारे एकापेक्षा जास्त होते: वॉन, लू ॲन बार्टन, आणि डब्ल्यू. सी. क्लार्क. क्लार्क तेव्हा फोर्डच्या गाड्यांच्या दुकानात मेकॅनिकचं काम करत होता; त्याला मागे लागून बँडमध्ये आणलं आणि मूळचा गिटारिस्ट असून बेस दिला. कीबोर्डवर माइक किंड्रेड. 'कोल्ड शॉट' हे गाणं क्लार्क आणि किंड्रेडचं, म्हणजे या बँडची ठेव. लोक ते वॉनचं समजतात.

वर्षभरात क्लार्क बाहेर पडला आणि १९७८ मध्ये उरलेल्यांचा 'डबल ट्रबल' झाला. नाव ब्लूज गायक-गिटारिस्ट ओटिस रशच्या गाण्यावरून. ड्रमवर ख्रिस लेटन आला, बेसवर जॅकी न्यूहाउस. १९७९ च्या शेवटी लू ॲन बार्टननेही सोडलं. हा वॉनच्या वाजवण्यातला सगळ्यात मोठा वळणबिंदू, आणि तो ठरवून आलेला नव्हता. गायिका गेली, सॅक्स केव्हाच गेलेला, कीबोर्ड नाही. तीन माणसं उरली. आता गाणं, ऱ्हिदम आणि सोलो, तिन्ही एकाच माणसाने भरायचं. गिटारवर खालच्या तारांवर बेसची चाल आणि वरच्या तारांवर कॉर्ड असं एकदम वाजवण्याची गरज इथून पडली. जाड तारा, अर्धा सूर खाली, दोन-दोन ॲम्प, हे सगळं या रिकाम्या जागेचं उत्तर आहे. अर्धा सूर उतरवल्याने गळ्यालाही सोपं जातं, हे त्यातलं सगळ्यात रुक्ष पण खरं कारण.

जानेवारी १९८१ ला न्यूहाउसच्या जागी टॉमी शॅनन आला आणि तिघांची घडी बसली. पुढचं सगळ्यांना माहीत आहे म्हणून भराभर सांगतो. निर्माता जेरी वेक्सलरने ऑस्टिनमध्ये ऐकून स्वित्झर्लंडमधल्या माँत्रोच्या महोत्सवाला नाव सुचवलं. १७ जुलै १९८२ ला तिथे वाजवलं, श्रोत्यांतल्या काहींनी हुर्यो उडवली. पण ऐकणाऱ्यांत बोवी होता, आणि अमेरिकन गायक जॅक्सन ब्राउनशीही तिथेच गाठ पडली. ब्राउनने आपला लॉस एंजेलिसचा स्टुडिओ फुकट वापरायला दिला. १९८२ च्या नोव्हेंबरात तिथे तीन दिवसांत जे रेकॉर्ड झालं तेच जून १९८३ मध्ये 'टेक्सास फ्लड' म्हणून बाहेर आलं. तीन दिवसांत अल्बम झाला याचं लोकांना अप्रूप वाटतं. दोन-तीन वर्षं रोज वाजवलेलीच गाणी वाजवायची होती, तर तीन दिवस पुष्कळ झाले. १९८५ ला रीस वायनन्स कीबोर्डवर आला, म्हणजे रिकामी जागा थोडी भरली, आणि तेव्हापासून वॉनचं वाजवणं थोडं मोकळं झालेलं ऐकू येतं. १९८६ ला दारू आणि कोकेनने जर्मनीच्या दौऱ्यात कोसळला, उपचार घेतले, सुटला. २७ ऑगस्ट १९९० ला विस्कॉन्सिनमध्ये कार्यक्रमानंतर हेलिकॉप्टर अपघातात गेला. वय पस्तीस.

आता तुमची गिटार.

पहिला सल्ला: १३ काढा. ११ ते ४९ चा सेट घ्या आणि ई फ्लॅटला लावा. पहिल्या तारेवर आठ किलोच्या आसपास ताण येईल, म्हणजे १० च्या सेटपेक्षा जेमतेम जास्त. त्यातून आवाजाचा भरीवपणा बराचसा मिळतो आणि बोटं शाबूत राहतात. खुद्द वॉन बोटं फाटली की पहिली तार १२ किंवा ११ ची लावत असे. फाटलेल्या कातडीवर सुपरग्लू लावून तो वाजवायचा ही गोष्टही खरी आहे. तिचं अनुकरण करू नका, त्याखाली जंतुसंसर्ग झाला तर महिनाभर गिटार बंद.

तरीही १३ च हव्यात, तर क्रमाने करा. मागचं झाकण काढा. तीन स्प्रिंग असतील तर पाच लावा. वॉनच्या गिटारवर पाचच होत्या. सगळ्या तारा एकदम काढू नका, एकेक बदलत जा, आणि सरळ ई फ्लॅटला आणा. आता ब्रिजची मागची कड बॉडीपासून किती वर आहे ते बघा. स्प्रिंगा ज्या पत्र्याला अडकवल्या आहेत त्याचे दोन्ही स्क्रू अर्धा अर्धा फेरा आत घ्या, पुन्हा सूर लावा, पुन्हा बघा. कड बॉडीला टेकेपर्यंत हे चार-पाच वेळा करावं लागतं. एकाच दमात स्क्रू आवळून मग सूर लावायला गेलात तर तुम्ही सुराच्या मागे आणि सूर ब्रिजच्या मागे, असं तासभर चालतं.

मग गिटार एक रात्र तशीच ठेवा. मान वाकायला वेळ घेते. दुसऱ्या दिवशी सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि जिथे मान बॉडीला मिळते त्या फ्रेटवर एकदम दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखाली किती फट आहे ते बघा. पाव मिलिमीटर, म्हणजे साध्या व्हिजिटिंग कार्डाइतकी, पुरे. जास्त असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतला, तिचा बाक सांभाळणारा दांडा) घड्याळाच्या दिशेने एक-अष्टमांश फेरा, फार तर पाव, आणि परत थांबा. रॉड जड लागला तर जोर करू नका, कारागिराकडे न्या.

ट्यूनिंग टिकत नाही त्याचं दुसरं कारण बहुतेक वेळा नट, म्हणजे खुंट्यांजवळची तारांच्या खाचांची पट्टी, असतो. कारखान्यातल्या नटच्या खाचा ९ किंवा १० च्या सेटसाठी कापलेल्या असतात. त्यात ५८ ची सहावी तार बसत नाही, वर तरंगते. १९ ची तिसरी अडकते. सूर लावताना खुंटी फिरवली की आधी काही होत नाही आणि मग 'टिक' असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारतो, ही अडकल्याची खूण. खाच रुंद करायची, खोल नाही. नटची कानस नसेल तर हे घरी करू नका; खाच एकदा खोल गेली की उघडी तार खरखरते आणि नवा नट बसवावा लागतो. तात्पुरता उपाय म्हणून खाचेत शिसपेन्सिलचं टोक घासा, ग्रॅफाइटने बऱ्यापैकी काम होतं. शेवटी सॅडल (ब्रिजवर प्रत्येक तार जिच्यावर टेकते ती तुकडी) मागे सरकवून बाराव्या फ्रेटवरचा सूर जुळवा. तिसऱ्या तारेचं सॅडल बरंच मागे जाईल. ते बघून घाबरू नका.

मुंबईत किंवा कोकणात राहत असाल तर पावसाळ्यात साध्या तारांना आठवड्याभरात गंज धरतो. गंजलेली १३ ची तार बेंड करणं म्हणजे फ्रेटवर कानस चालवणं. वाजवून झालं की फडक्याने तारेची खालची बाजूही पुसा, घाम तिथे बसतो.

ॲम्प आणि पेडल. वॉनकडे १५ इंची स्पीकरचे १९६४ चे दोन फेंडर व्हायब्रोव्हर्ब होते, शिवाय फेंडरचाच सुपर रिव्हर्ब, पुढे डम्बल कंपनीचा ॲम्प. सगळे मोठ्या आवाजावर, जेमतेम फाटायला लागण्याच्या कडेवर. त्यापुढे ट्यूब स्क्रीमर हे पेडल, ज्याचा ड्राइव्ह (आवाज फाडणारी खुंटी) जवळपास शून्यावर आणि लेव्हल वर. इथे नवशिक्यांचं हमखास चुकतं: ते ड्राइव्ह तीन चतुर्थांश फिरवतात आणि आवाज मधमाश्यांच्या पोळ्यासारखा होतो. ते पेडल सातशे हर्ट्झच्या आसपासचा मधला भाग फुगवतं आणि खालचं कापतं. त्याचं काम ॲम्पला ढकलण्याचं, स्वतः फाटण्याचं नाही. फ्लॅटमध्ये राहत असाल तर पाच वॉटचा व्हॉल्व्ह ॲम्प घ्या. मोठा ॲम्प दोनवर ठेवून हा आवाज येत नाही.

आणि शफल, ज्याशिवाय वरचं सगळं वाया. 'प्राइड अँड जॉय'ची चाल घ्या. तबला ऐकणाऱ्याला हे लगेच कळेल: प्रत्येक मात्रेचे तीन भाग, तिस्र जात, मधला भाग मुका. पहिल्या भागावर पिक खाली, खालच्या तारेवर बेसचा सूर. तिसऱ्यावर पिक वर, उघड्या पहिल्या-दुसऱ्या तारांवर, आणि वाजताक्षणी डाव्या हाताची बोटं आडवी टेकवून बंद. सरावाला बेस एवढाच ठेवा: सहावी तार उघडी, सहावीचा चौथा फ्रेट, पाचवीचा दुसरा, पाचवीचा चौथा, आणि उलट परत. मेट्रोनोम ७० वर. आधी दोन दिवस तारा पूर्ण दाबून, सुराशिवाय, नुसता 'चक' आवाज काढत उजवा हात चालवा. हात मनगटातून मोठा फिरतो, न लागणाऱ्या तारांवरूनही जातो, आणि नको त्या तारा डावा हात मुक्या ठेवतो. हात आखडून नेमकी तार शोधायला गेलात की लय चिकटते. १२० पर्यंत पोचायला तीन-चार महिने धरा.

ऐकायचं कुठून, तर 'टेक्सास फ्लड'च्या आधी 'इन द बिगिनिंग' ऐका. १ एप्रिल १९८० ला ऑस्टिनच्या 'स्टीमबोट १८७४' क्लबमधून रेडिओवर गेलेला कार्यक्रम, अल्बम म्हणून १९९२ मध्ये आला. बेसवर न्यूहाउस आहे, लू ॲन बार्टन गेल्याला काही महिनेच झालेत. त्यानंतर लगेच १९८३ चं ऐका, आणि गिटारकडे कान न देता फक्त बेस आणि ड्रम ऐका: शॅनन किती कमी सूर वाजवतो आणि लेटनचा स्नेअर कसा किंचित मागे पडतो. मग तिसऱ्यांदा लावा आणि त्या बेसवर गिटारचा खालचा सूर कुठे बसतो ते शोधा.